देठ मोडणारं यंत्र बंगळूरला जातं

निपाणीहून बस सुटली तेव्हा माझ्या मांडीवर मी स्वतः बनवलेलं, मिरचीचे देठ मोडायचं यंत्र होतं. कंडक्टर म्हणाला, "टपावर टाका." म्हटलं, "टपावर तूच बस!" माझ्या मसाल्याच्या कारखान्यात बाया दिवसभर हातांनी देठ मोडतात. आधी बोटांना तेल चोळतात, तरी आग व्हायची ती होतेच. नव्या यंत्रांच्या संशोधनाला सरकार अनुदान देतं, असं कळलं होतं. ते मिळालं तर प्रत्येकीपुढे एकेक यंत्र ठेवायचं होतं.

राजाजीनगरात नवऱ्याच्या आतेभावाकडे, अण्णांकडे उतरले. हे घराणं पिढ्यान्‌पिढ्या बंगळूरचंच. घरामागे त्यांची लेथची शेड. "अक्का, स्वल्प (थोडं) खाऊन जा," म्हणत त्यांनी आणखी एक इडली वाढली. मग रिक्षा झाडांच्या सावलीतून निघाली. निपाणीच्या उन्हात वाढलेल्या मला हे फारच लाडाचं वाटलं.

अनुदान देणाऱ्या समितीपुढे यंत्र मांडलं. "पंखा बंद करा," मी सांगितलं, पण कोण ऐकतो! दांडा फिरवला. देठ एकीकडे, मिरची दुसरीकडे, आणि अख्खी समिती शिंकायला लागली.

मराठी जाणणारे एक साहेब नाक पुसत म्हणाले, "बाई, हे तर चालतंय!"

"मग? चालायला नको?"

"अनुदान संशोधनाला असतं, झालेल्या कामाला नाही. असं करा, निम्मे देठ तसेच राहतात म्हणा. काम बाकी आहे असं दाखवू."

त्यांचा हेतू वाईट नव्हता, पण माझं डोकंच फिरलं. "एक देठ राहत नाही साहेब, बघा की! चांगल्या यंत्राला मी नावं ठेवायची? ठेवा तुमचं अनुदान तुमच्यापाशी!" यंत्र उचललं आणि निघाले.

घरी हे ऐकून अण्णा हळहळले. "अहो अक्का, चालत नाही एवढंच म्हणायचं होतं!"

"तुमचा लेथ चालत नाही असं तुम्ही म्हणाल?"

ते हसले. "सरी (बरं). दुसरं यंत्र मी करून देतो. वेळ लागेल."

"लागू दे."

परतताना बसमध्ये वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू? सरकारच्या पैशात साऱ्याजणींची सोय एकदम झाली असती. पण लाज म्हणाल तर तीळभर वाटली नाही.

कारखान्यात बाया वाटच बघत होत्या. "मिळालं?"

"नाही."

सगळ्यांची तोंडं उतरली. गंगव्वा तेलाची बाटली घेऊन बसली. सगळ्यांत जास्त आग तिच्याच बोटांना व्हायची. मी बाटली काढून घेतली, दांड्याच्या सांध्यात तेल सोडलं आणि यंत्र तिच्यापुढे सरकवलं.

"पाळीपाळीने घेऊ. दुसरं येतंय. फिरव."