जनकाबाईच्या दारातला खड्डा

आमच्या गावानं कशाला भ्यावं आणि कशाला भिऊ नये, याला काही ताळतंत्र उरलेलं नाही. बालाजीच्या किराणा दुकानात जाऊन बघा. खालच्या फळीवर साबण, मधल्या फळीवर अगरबत्ती आणि काड्यापेट्या, आणि वरच्या फळीवर पाण्याच्या रिकाम्या बाटल्यांत भरलेलं पेट्रोल. पंप डोंगरकड्याला, गावापासून आठ किलोमीटर. म्हणून ही सोय. बाटलीचं झाकण हरवलं असेल तर वर प्लास्टिकची पिशवी गुंडाळून दोरा बांधलेला. त्याच फळीखाली उभं राहून माणसं बिडी पेटवतात आणि जळकी काडी कुठं पडली तेसुद्धा बघत नाहीत. याच दुकानासमोर बसून गावानं ठरवलं, की लालसिंगची बॅटरीवरची गाडी धोक्याची आहे!

मी तीस वर्षं जिल्हा परिषदेच्या शाळेत विज्ञान शिकवलं. त्या दिवशी मीही तिथंच बसलो होतो. म्हणून हे लिहिताना माझा राग गावावर आहे, तसा स्वतःवरही आहे.

जनकाबाईचं घर बालाजीच्या दुकानाला लागून आहे. मधली भिंत एकच. वय छप्पन्न. नवरा वारला त्याला बारा वर्षं झाली, लेक राणी हट्टा गावी दिलेली. हळदीच्या दिवसांत हळद शिजवायच्या कामावर तिच्या तोडीची बाई आसपास नव्हती. होळीपर्यंत तिचे तळपाय पिवळे असायचे. ओझ्यानं कंबर धरली, की ती बालाजीकडून दुखण्याची गोळी घ्यायची. दिवसाला दोन, कधी तीन. कितीतरी वर्षं. बालाजीनं डॉक्टरची चिठ्ठी मागितली नाही आणि गावात कुणाला त्यात धोका दिसला नाही. मग तिचे पाय सुजले, तोंड सुजलं. नांदेडच्या डॉक्टरांनी सांगितलं, दोन्ही किडन्या गेल्या, आणि विचारलं, गोळ्या किती खाल्ल्या? ती म्हणाली, "सायेब, बिस्किटापरीस गोळ्याच जास्त खाल्ल्या असतीन."

तेव्हापासून दर सोमवारी आणि गुरुवारी नांदेडला तिचं डायलिसिस असतं. चार तास मशीनवर पडून राहायचं. आणि पाणी मोजून प्यायचं; चहा, वरण सगळं धरून दिवसाला पाऊण लिटर. तिनं एका बाटलीला दोरा बांधून खूण केली आहे. सकाळी त्या खुणेपर्यंत पाणी भरते, आणि संध्याकाळपर्यंत तेच पुरवते. आमच्याकडच्या एप्रिल-मे महिन्यांत हे करून बघा, मग कळेल.

आधी ती एका जुन्या पेट्रोल व्हॅननं जायची. इंजिन सीटखाली, त्यामुळं बूड भाजायचं, आणि मागं पेट्रोलचा कॅन हिंदकळत असायचा. डायलिसिसवरून येताना आधीच जीव मळमळतो, त्यात तो वास. एका गुरुवारी ती जातानाच ओकून ओकून अर्ध्या वाटेत उतरली आणि परत आली. शनिवारपर्यंत अंगात इतकं पाणी साठलं, की तिला आडवं झोपता येईना. बसल्या जागी धापा टाकत होती. त्या वेळी ती वाचली ती थोडक्यात. डायलिसिसची एक खेप चुकली की काय होतं, हे तेव्हा सगळ्या गावानं पाहिलं होतं.

मग लालसिंग आला. हा तांड्यावरचा. वीस वर्षं दुसऱ्यांच्या गाड्या चालवल्या, आणि गेल्या दसऱ्याला मेव्हण्याबरोबर भागीत एक जुनी इलेक्ट्रिक कार घेतली. तेव्हापासून जनकाबाईला नांदेडला तोच नेतो-आणतो. तांड्यावर विजेचा दाब कमी, म्हणून गावात दगडोबाचा गुरांचा रिकामा कोठा भाड्यानं घेऊन तिथं चार्जिंगची सोय केली. नीट केली. खोल खड्डा खांदला, पाइप उभा केला, कोळसा आणि मीठ भरलं. वीज चुकून गाडीच्या अंगात उतरली तर ती माणसाला न धरता जमिनीत जावी, म्हणून हे अर्थिंग. हा धडा मी तीस वर्षं शिकवत आलो, आणि माझ्या घरच्या फ्रीजच्या पिनेचा तिसरा पाय मीच पकडीनं कापला, कारण तो बोर्डात जात नव्हता. असले आम्ही शहाणे.

तर एके दिवशी मोबाइलवर व्हिडिओ आला. कुठल्या तरी गावात, कधी तरी, एक बॅटरीची स्कूटर जळत होती. दोन दिवसांत तो घरोघर फिरला आणि रविवारी सकाळी बालाजीच्या दुकानासमोर बैठक बसली.

"उद्या गाव पेटलं मंजी?" बालाजी म्हणाला. त्याच्या डोक्यावरच्या फळीवर पेट्रोलच्या अकरा बाटल्या होत्या. मी मोजल्या.

लालसिंग उभा राहिला. "बॅटरी पेटतच न्हाई, असं मी म्हणत न्हाई. पेटली तर इझवायला लई तकलीफ हाय, धूरबी इषारी असतोय. म्हणून तर मी एवढं बघून करून राहिलो." मग त्यानं उजवी बाही वर केली. मनगटापासून कोपरापर्यंत कातडी आक्रसलेली. "नळीनं पेट्रोल काढत होतो. बाजूच्यानं बिडी पेटवली. हा हात बॅटरीनं न्हाई जाळला."

एकानंही त्या हाताकडं धड पाहिलं नाही. चार्जिंग शेतातल्या पंपाच्या खोलीत कर, गावात नको, असं ठरलं.

"तिथं अर्थिंग न्हाई," लालसिंग म्हणाला. "अर्थिंग नसलं की गाडी लाल लाइट दाखवती, चार्जिंग घेतच न्हाई."

"मंग जोड की न्यूट्रलची वायर अर्थला," मागून एकजण म्हणाला. "गाडीला काय कळतंय?" असं केलं की गाडी फसते, पण न्यूट्रल तुटली तर वीज तिच्या अंगातच उतरते.

"गाडीला कळतंय म्हणून तर थांबती. आपल्यालाच कळंना."

दगडोबा खाली बघत म्हणाला, "लालसिंग, आजच काढ गाडी. मला गावात ऱ्हायचं हाय."

शनिवारी पुसेगावची फेरी झाली आणि रात्रभर वीज नव्हती, त्यामुळं गाडीत जेमतेम पंधरा-वीस किलोमीटरचं चार्जिंग उरलं होतं; नांदेड गाठायला ते पुरणारं नव्हतं. दुसऱ्या दिवशी सोमवार. तिथं बसलेल्या प्रत्येकाला हे ठाऊक होतं. मलाही होतं. मी चष्मा पुसत बसलो. गावाशी वाकडं कशाला घ्या, हा विचार माझ्याही मनात आला, आणि त्याची मला आजही लाज वाटते.

तेवढ्यात शेजारच्या दारातून आवाज आला. जनकाबाई चौकट धरून उभी होती. भिंतीपलीकडून तिनं सगळं ऐकलं होतं.

"बालाजी, माझी चूल तुझ्या भितीला लागून हाय. भितीच्या पलीकडं तुझं पेट्रोल. किती वरीस झाले?"

"मावशे, तसं न्हाई..."

"किती वरीस?"

"आठ-धा झाले असतीन."

"धा वरसात मला कवा इचारलं, मावशे, ठिवू का म्हणून?"

बालाजीनं काड्यापेट्या सारख्या करायला घेतल्या.

"न्हाई ना? मंग मी बी कोणाला इचारत न्हाई. लालसिंग, गाडी माझ्या दारात आण."

"अन् पेटली मंजी?" बालाजी पुन्हा म्हणाला, पण आवाज उतरला होता.

"तुला भेव वाटत असंल, तर तुझ्या बाटल्या उचल. मला सोमवारी नांदेडला जायचं हाय." मग तिनं माझ्याकडं पाहिलं. "गुर्जी, हे अर्थिंग मंजी काय असतंय? खड्डा कुठं खांदायचा?"

आता मात्र मला उठावंच लागलं. लालसिंग आणि त्याचा मेव्हणा खांदत होते, मी टोपल्या उचलत होतो. ऊन असं, की मातीला हात लावला तर चटका. दगडोबाच्या कोठ्यातला पाइप निघेना, म्हणून नवा आणला. कोळसा लोहाराकडून आणला. खडं मीठ मात्र गावात बालाजीकडंच मिळतं. मी गेलो, त्यानं पोतं पुढं सरकवलं. मीटरपासून नवी जाड वायर ओढली. दिवस मावळायच्या आत गाडीचा हिरवा लाइट लागला आणि सोमवारी जनकाबाई वेळेवर मशीनवर होती.

याला दीड महिना झाला. गाव सुधारलं असं कुणाला वाटत असेल, तर त्यानं येऊन बघावं. गाडी चार्जिंगला लागली, की माणसं तिच्यापासून लांब सरकतात आणि दुकानाच्या बाजूनं चालतात, पेट्रोलच्या फळीखालून. परवा एकानं बिडी पेटवता पेटवताच मला सांगितलं, "गुर्जी, गाडीपशी उभं ऱ्हाऊ नका."

खड्ड्यातली माती उन्हाळ्यात वाळते. वाळली की अर्थिंग धड लागत नाही, गाडी पुन्हा लाल लाइट दाखवते. म्हणून पाइपाच्या तोंडात रोज घागरभर पाणी ओतावं लागतं. गेल्या गुरुवारी सकाळी मी तिच्या दारावरून जात होतो. नळाला चार दिवस पाणी नव्हतं. जनकाबाई दारात वाकली होती. ओठांना भेगा पडलेल्या. दोरा बांधलेली बाटली उंबऱ्यावर ठेवलेली, आणि दोन्ही हातांनी घागर धरून ती पाइपात पाणी ओतत होती.

मला राहवलं नाही. म्हटलं, "जनकाबाई, द्या इकडं, मी ओततो."

"ऱ्हाऊ द्या, गुर्जी," ती म्हणाली. "मला प्यायला येत न्हाई. वतायला तर येतंय."

तिनं घागर पालथी करून शेवटचा थेंबही आत जाऊ दिला. बाटलीतल्या पाण्यानं ओठ तेवढे ओले केले. लालसिंगनं वायर काढून गुंडाळली आणि जनकाबाई गाडीत जाऊन बसली.