मंगळवारच्या दहा गोळ्या

माझ्या यजमानांच्या कॅन्सरचं एक औषध मी महिनाभर स्वतःच्या अकलेने वाटून दिलं. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढचं वाचताना माझ्याबद्दल उगाच आदर वाटायला नको.

तेव्हा मी अवघी एकसष्ट वर्षांची, म्हणजे शहाणपणाचा नुसता कहर. गोडादऱ्यातल्या आमच्या गल्लीत कुणाला ताप आला, की काढा माझ्या घरून जायचा. हे मराठी शाळेतले निवृत्त मास्तर. यांच्या रक्तातल्या बिघडलेल्या पेशी वेडंवाकडं प्रथिन तयार करत होत्या आणि ते हृदयात साचत होतं. चार पायऱ्या चढले, की कठडा धरून उभे राहायचे. डॉक्टरांनी तीन औषधं मिळून दिली: दर मंगळवारी पोटावर इंजेक्शन, सोबत केमोच्या गोळ्या आणि त्याच दिवशी नाश्त्यानंतर स्टेरॉइडच्या दहा बारीक गोळ्या.

एकदम दहा! आमच्या धुळ्याकडे गुरालाही एवढं औषध पाजत नाहीत. लिहिणाऱ्याचा हात घसरला असणार, असं मीच ठरवलं. मिसळणाच्या जुन्या डब्यात वाट्या सात, वारही सात. हळदीच्या वाटीत सोमवार, मोहरीच्या वाटीत मंगळवार... रोज एक. उरलेल्या तीन, हे जास्त थकतील त्या दिवशी. काय ती बाई!

महिन्याने रिपोर्ट आला. प्रथिन जागचं हललं नव्हतं, पायांची सूज वाढली होती. डॉक्टर औषधच बदलायच्या विचारात. तेवढ्यात नर्सने गुजरातीत विचारलं, "मासी, घरे गोळी केवी रीते आपो छो?"

गोळ्या घरी कशा देते म्हणून मी डब्याची रचना कौतुकाने सांगितली. डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. "माँजी, तीनों दवा एक साथ मारती हैं, तभी असर होता है. आपने एक को घर बिठा दिया."

पुढच्या मंगळवारपासून दहाच्या दहा सुरू झाल्या आणि हळूहळू आकडा उतरला. हृदय काही पहिल्यासारखं झालं नाही; पण आता जिन्यात हे एकदाच थांबतात.

रिपोर्टच्या त्या दिवशी दवाखान्यातून परतताना, पर्वत पाटियाच्या सिग्नलला, रिक्षात मी रडत यांच्यावरच चिडले, "मी मेली अडाणी! तुम्ही मास्तर ना? चिठ्ठी वाचली नव्हती?"

हे म्हणाले, "वाचली होती गं. पण रोज सकाळी तू गोळी घेऊन शेजारी बसायचीस, गिळेपर्यंत हलायची नाहीस. दहाही मंगळवारीच दिल्या असत्यास, तर उरलेले सहा दिवस तू कशाला बसली असतीस?"