बारावा चिंचोका

पद्माक्का शेडबाळेंच्या पत्राला मी उत्तर दिले नाही. अडीच वर्षे ते माझ्या टेबलाच्या खणात होते. मार्चमध्ये त्या गेल्याचे त्यांच्या मुलीने कळवले, तेव्हा मी ते खणातून काढून टेबलावर ठेवले, इतकेच.

वामनतात्या केसकरांच्या सुरुवातीच्या ध्यानशिबिरांचा इतिहास लिहिण्याचे काम आश्रमाने माझ्यावर सोपवले आहे. मी शाळेतला निवृत्त ग्रंथपाल. जुने कागद जुळवता येतात, याहून अधिक माझी लायकी नाही. पहिले शिबिर किणगावच्या शाळेत, दिवाळीच्या सुट्टीत झाले. दहा दिवस, पूर्ण मौन. शिबिराच्या वहीत नावे अकरा आहेत. तात्यांच्या रोजनिशीत मात्र नवव्या दिवशी एकच ओळ आहे : ‘आज बारा बसले.’ हा बारावा कोण, ते मी चार वर्षे शोधतो आहे.

पद्माक्का तिथे स्वयंपाकाला होत्या. किती जण जेवणार ते त्या चिंचोक्यांनी मोजत, असे त्यांनी पत्रात लिहिले होते. आणि शेवटी : ‘नवव्या दिवशी मीही बसले होते. पुस्तकात माझे नाव येईल का?’

हो म्हणायला पुरावा नव्हता, नाही म्हणायला धीर नव्हता. सोमवारी मजकूर छापखान्यात जायचा आहे.

दुपारी जेवून मी ते पत्र पाकिटासकट हातात घेतो आणि आरामखुर्चीत टेकतो. पंखा कुरकुरतो. शेजारच्या घरात कुकरची शिट्टी होते, मग दुसरी, आणि तिसरी शिट्टी शाळेची घंटा असते.

मी ग्रंथालयात उभा आहे. कार्डांचा खण ओढतो. सगळी कार्डे कोरी. दुसरा खण ओढतो, तोही तसाच. भिंतीशी अकरा जण मांडी घालून बसले आहेत. शेजारी कोण होते, असे मी एकेकाला विचारतो, आणि प्रत्येक जण तेच सांगतो जे त्याने मला पत्रातून कळवले होते : आमचे डोळे मिटलेले होते. मला चीड येते. डोळे मिटणे हेच ज्यांचे काम, त्यांचा इतिहास कोणी आणि कसा लिहायचा?

“कपाळाला आठ्या कशापायी, मास्तर?”

कपाटामागे चूल पेटलेली आहे. तिथे एक तरुण बाई भाकरी थापते आहे. मी त्यांना कधी पाहिलेले नाही, तरी ओळखतो.

“अक्का, तुम्ही तर गेलात ना?”

“व्हय की. म्हणून तर सोता यावं लागलं. टपालानं काय जमलं न्हाई.”

मी मान खाली घालतो. पुराव्याबद्दल काहीतरी पुटपुटतो. कुणाकुणाला विचारलेत, असे त्या विचारतात. मी भिंतीकडे बोट दाखवतो. त्या इतक्या हसतात की पीठ उडते.

“मिटल्या डोळ्यांस्नी इचारलासा. जिचे उघडे होते तिला सोडून.”

मग भाकरी उलटत त्या सांगतात. मौनामुळे कुणाला विचारायची सोय नव्हती, म्हणून सकाळी दारातून डोकी मोजायची आणि तितके चिंचोके डब्यात टाकायचे. नवव्या दिवशी तात्यांनी खुणेनेच आत बोलावले. चुलीवर डाळ होती. ती उतरवून त्या जाऊन बसल्या.

“मग जेवण कोणी वाढलं?”

“तात्यांनी,” त्या म्हणतात, आणि तव्यावरची भाकरी काढतात. “मलाबी.”

मी हे घाईघाईने लिहून घेऊ लागतो. पेन चालत नाही. झटकतो, फुंकतो, पुन्हा टेकवतो. कागदावर नुसता ओरखडा उठतो. चूल नाही आता, टपाल कचेरीची खिडकी आहे, आणि जाळीपलीकडे त्याच बसल्या आहेत, पांढऱ्या केसांच्या.

“उत्तर आणलासा?”

मी कागद सरकवतो. कोराच आहे. मी सांगतो की दुसरा साक्षीदार हवा, नुसत्या तुमच्या शब्दावर कसे लिहू.

“तात्या लिवून गेलेत की, बारा म्हणून. आणि किती जणांनी सांगायचं?” मग हळू आवाजात, “बसल्यालं कुणी बघू नये, असं वाटत हुतं तवा. आता वाटतंय, एकानं तरी बघाय पायजे हुतं.”

त्या शिक्का उचलतात आणि धाडकन मारतात.

पत्र मांडीवरून जमिनीवर पडले आहे. पाकीट उलटे झाले आहे. माझी मूठ घट्ट मिटलेली आहे. उघडतो, तर तळव्यात एक चिंचोका. जुना, हाताळून हाताळून गुळगुळीत झालेला. पाकिटाच्या कोपऱ्यात अडकून राहिला असणार. पुस्तक परत घेताना झटकून बघावे, पानांत काहीतरी राहिलेले असते, असे मी मुलांना तीस वर्षे सांगत आलो. पत्र मी वीसदा वाचले. पाकीट एकदाही झटकले नाही.

चिंचोक्याने काय सिद्ध होते, हे मी स्वतःला विचारतो. काहीच नाही. तरी मजकुराचे ते पान काढून अकराचे बारा करतो, तिथे वहीतून उतरवलेल्या नावांखाली एक नाव लिहितो, आणि मग पोस्टकार्ड घेतो.

‘श्रीमती पद्मावती शेडबाळे यांस, सा.न.वि.वि. आपले पत्र पोचले. पहिल्या शिबिरात बारा जण बसले. बारावे नाव आपले आहे. उत्तराला उशीर झाला.’

पत्ता मुलीच्या घरचा घालतो. कोपऱ्यावरच्या पेटीतले टपाल पाच वाजता नेतात. पाचला दहा कमी आहेत. पेटीच्या तोंडाशी हात अडखळतो. चुकलो असलो तर? दुसऱ्या हाताने मी खिशातला चिंचोका चाचपतो आणि कार्ड सोडून देतो.