नारिंगी गाडीच्या चिठ्ठ्या

ताइस्तो कार्प्पिनेनच्या स्वयंपाकघरात एक फळी होती आणि त्या फळीवर फक्त नियमांची पुस्तकं होती. गोठलेल्या तळ्यावरच्या शर्यतींचं निळं पुस्तक, जंगलातल्या रॅलीचं जाडजूड पुस्तक, पोरांच्या कार्टगाड्यांचं, जुन्या धावपट्टीवर सरळ रेषेत सुटणाऱ्या गाड्यांचं. शेवटी, भिंतीला टेकून, सगळ्यांत पातळ पुस्तक आमच्या शर्यतीचं. वर्षातून एकदा ही पुस्तकं बदलत. पॅरिसमध्ये जगभरच्या शर्यतींची मोठी मंडळी बसते, ती ठरवते. हेलसिंकीचं कार्यालय ते फिनिशमध्ये आणतं. मग जिल्ह्याचं परिपत्रक निघतं, आणि सगळ्यांत खाली आमचा हीटासुओचा क्लब, म्हणजे खडीच्या खाणीच्या काठावरची एक लाकडी खोपटी.

"पॅरिसमध्ये कुणीतरी स्वल्पविराम हलवतो," ताइस्तो म्हणायचा, "आणि इथे मला गुडघे टेकून बोल्ट मोजावा लागतो."

तो गाड्यांचा तपासनीस होता, चाळीस वर्षं. पोटासाठी तो नगरपालिकेची बर्फ ढकलणारी गाडी चालवायचा. रविवारी मात्र हातात छोटी हातोडी आणि विजेरी. गाडीच्या आतल्या पोलादी सांगाड्यावर हातोडी वाजवून आवाजावरून सांधा ओळखायचा. कुणी चुकून मोटारसायकल घेऊन आला आणि जरा पाहतोस का म्हणाला, तर हा दोन्ही हात खिशात घालायचा. "दोन चाकांची संस्था वेगळी. मला त्यात बोलायचा अधिकार नाही." बोलायचाही नाही. मात्र मोटारसायकल दूर जाईपर्यंत तिच्याकडे बघत राहायचा.

स्वतः तो कधीच शर्यतीत उतरला नव्हता.

आमची शर्यत कुणाचीही असते. शेतकरी, नर्स, गवंडी, पास्टरबाई, ज्याच्याकडे हेल्मेट आहे त्याची. भंगारातून उचललेली गाडी, आत सांगाडा, खिडकीला जाळी, आणि खडीच्या खाणीत सहा फेऱ्या. कुणी गाडीत पैसा ओतून जिंकू नये म्हणून एकच नियम फार जुना आहे: जी गाडी सुरुवातीच्या रेषेवर उभी राहिली, ती शर्यत संपताच विकायला निघाली. किंमत सगळ्या गाड्यांना एकच, ठरलेली, फार नाही. त्या दिवशी शर्यतीत उतरलेला कुणीही कुठल्याही गाडीसाठी खोपटीत चिठ्ठी टाकू शकतो. चिठ्ठ्या जास्त आल्या तर सोडत. मालकाला नाही म्हणता येत नाही. म्हटलंच, तर त्याचा परवाना जातो. म्हणून आमच्याकडे गाडीवर जीव लावणाऱ्या माणसाला जरा वेडा समजतात.

ताइस्तोची बायको इर्मेली त्रेपन्नाव्या वर्षी शर्यतीत उतरली. छोटी जपानी गाडी, घराच्या भिंतीला लावून उरलेला नारिंगी रंग रोलरने मारलेली. इर्मेली इतकी ठेंगणी की तिला स्टिअरिंगच्या वरून दिसायचं नाही. म्हणून तिने जुन्या गोधडीची जाड उशी शिवून सीटवर बांधून टाकली होती. पहिल्याच शर्यतीला ताइस्तोने तिची गाडी परत पाठवली. सीटच्या पट्ट्याची मुदत दोन महिन्यांपूर्वी संपली होती.

"घरी सांगता येत नव्हतं?" ती सगळ्यांसमोर म्हणाली.

"घरी मी तपासनीस नसतो."

तीन दिवस तिने कॉफी फक्त स्वतःपुरती केली. चौथ्या दिवशी नवा पट्टा आणला आणि पावती त्याच्या नियमांच्या पुस्तकात खूण म्हणून ठेवली.

पुढे अकरा वर्षं ती नारिंगी गाडी उतरत राहिली आणि अकरा वर्षं संध्याकाळी घरी परत येत राहिली. ताइस्तो त्यावरून तिला चिडवायचा. "इतकी कुरूप गाडी. कुत्रंसुद्धा हुंगत नाही." ती हसायची. मी तेव्हाही खोपटीत बसायचे, चिठ्ठ्या घ्यायचे, सोडत काढायचे. ताइस्तो त्या वेळी खाणीच्या दुसऱ्या टोकाला जिंकलेल्यांची इंजिनं उघडत असायचा. माझं काम चिठ्ठ्या मोजायचं होतं. त्या कुणी टाकल्या ते सांगत फिरायचं नव्हतं.

नोव्हेंबरात इर्मेली गेली. तळं अजून गोठलं नव्हतं. काळं पाणी आणि काठाला पातळ काचेसारखा पापुद्रा. त्या हिवाळ्यात बर्फावरच्या शर्यती झाल्या, ताइस्तो आला, हातोडी वाजवली, गेला. कुणी काही बोललं तर मान हलवायचा. गाडी कोठारात तशीच होती, चिखलासकट.

मे महिन्यात, रस्त्याकडेच्या चरात शेवटचा करडा बर्फ असताना, तो माझ्याकडे आला आणि चालकाच्या परवान्याचा अर्ज मागितला.

"कुणासाठी?"

"माझ्यासाठी. डॉक्टरचा दाखला आणलाय. डोळे आहेत म्हणाला, दोन्ही."

"ताइस्तो, तू एकाहत्तर वर्षांचा आहेस."

"अर्जात वरच्या वयाची अट नाही. पाहिलंय मी."

मी अर्ज दिला. मग राहवेना, म्हणून विचारलं, "तिच्या गाडीतून?"

"हो."

"शेतात चालव ना. सबंध शेत आहे तुझं. रेषेवर लावलीस की ती विक्रीला निघते, हे तुला मी सांगायचं का?"

"शेतात मी बसून पाहिलं," तो म्हणाला. "काहीच नव्हतं तिथे. मागे कुणी नाही, पुढे कुणी नाही. ती अशी चालवायची नाही ना. गाडी हातची जाऊ शकते हे माहीत असताना चालवायची." टोपी हातात फिरवत होता. "अकरा वर्षं मी कुंपणाबाहेरून पाहिलं गं. एकदा आतून पाहायचंय. एकदाच."

शर्यतीच्या दिवशी तपासायला शेजारच्या क्लबचा माणूस बोलावला होता. तो बिचारा ताइस्तोच्या गाडीजवळ आला, ओशाळला, आणि ठीक आहे म्हणून शिक्का मारायला लागला.

"बोल्ट पाहा," ताइस्तो आतून म्हणाला.

"तुमचे घट्टच असणार."

"मी ताइस्तो आहे म्हणून घट्ट आहेत का? खाली वाक."

तो वाकला. ताइस्तो उशीवर बसला होता, त्यामुळे डोकं वरच्या सांगाड्याला लागत होतं आणि गुडघे स्टिअरिंगला. उशी काढ की, असं ओइली म्हणाली. ओइली म्हणजे इर्मेलीची मैत्रीण, दुधाच्या टँकरवर चालक, बोलायला तिखट. "तुझं टक्कल पत्र्याला घासेल." ताइस्तोने उशी काढली नाही. शेवटी पाठ खूप मागे टाकून, आरामखुर्चीत बसल्यासारखा, तो रेषेवर गेला.

त्याची शर्यत वर्णन करण्यासारखी नव्हती. सहा फेऱ्या, आठ गाड्या, तो सातवा. वळणावर तो इतक्या नीटपणे फिरायचा की लोक सॉसेज खायचे थांबून बघत होते. चौथ्या फेरीत मात्र डाव्या वळणाला त्याने इर्मेलीसारखाच वेग सोडला नाही, आणि गाडी चिखलाची एक मोठी चादर उडवून पुढे निघाली. काइसु आपली शर्यत आधीच संपवून माझ्या शेजारी उभी होती. तिने तोंडावर हात ठेवला. काइसु आणि राइली, ओइलीबरोबरच्या या दोघी. या चौघी मैत्रिणींतली चौथी इर्मेली होती.

तो उतरला तेव्हा कानांवर हात दाबून उभा राहिला. "आत किती आवाज असतो," तो म्हणाला. "मला वाटायचं ती घाबरत असेल. घाबरायला जागाच नाही गं तिथे."

मग अर्ध्या तासाने मी खोपटीच्या खिडकीत उभी राहून चिठ्ठ्या वाचायला लागले. या वेळी ताइस्तोला कुठलंही इंजिन उघडायचं नव्हतं. तो खिडकीशीच उभा होता.

"कार्प्पिनेन, नारिंगी," मी वाचलं. "चार चिठ्ठ्या. ओइली. राइली. काइसु. वेन्ला."

ताइस्तोने तिघींकडे पाहिलं. "ही गाडी? तुम्हाला? कशाला?"

"रंग आवडला," ओइली म्हणाली.

"ओइली."

"अरे, मग काय सांगू. नेहमीच टाकतो आम्ही."

"नेहमी म्हणजे?"

राइली म्हणाली, "बाहेरच्या कुणी चिठ्ठी टाकली, तर त्याची एकटीच पडायला नको म्हणून. आम्ही तिघी असलो की गाडी बहुतेक आमच्यातच राहते."

"माझ्या नावावर चारदा निघाली," ओइली म्हणाली. "संध्याकाळी तिच्या अंगणात नेऊन लावायची, किंमत परत घ्यायची, वर वेलदोड्याचा गोड पाव. एकदा तिने करपलेले पाव दिले, तरी गाडी परत दिली मी. इतकी मी चांगली."

"म्हणजे गाडी लोकांना हवी होती."

"हवी होती तर. चपळ आहे ती. फक्त तुलाच कुरूप वाटायची."

"आणि मला कुणी सांगितलं नाही."

"तुला सांगितलं असतं," काइसु हळूच म्हणाली, "तर तू पुस्तक काढलं असतंस. इर्मेली म्हणायची, त्याला हसू दे, त्याला बरं वाटतं."

ताइस्तोने टोपी काढली आणि पुन्हा घातली. मी जुन्या हेल्मेटमध्ये चिठ्ठ्या टाकल्या, हलवल्या. तीन आपल्या, एक परकी. मी डोळे मिटून हात घातला. बोटांना चारही कागद सारखेच लागले.

वेन्ला.

ती तळ्यापलीकडची, विशीतली, कारखान्याच्या खानावळीत काम करणारी. पहिलंच वर्ष. चुलत बहिणीची निळी गाडी मागून आणली होती आणि तिच्या चाकांचा आस त्याच शर्यतीत मोडला होता. सगळं ऐकत ती मागे उभी होती, आणि आता तिचा चेहरा लाल झाला होता.

"मला हे काही माहीत नव्हतं," ती ताइस्तोला म्हणाली. "तुम्ही ठेवा ती. खरंच."

"चिठ्ठी का टाकलीस?"

"माझ्याकडे गाडी नाही. आणि मी तुमच्या मागेच होते पहिल्या दोन फेऱ्या, आस मोडेपर्यंत. पुढे जाता आलं असतं. पण ती वळणावर कशी बसते ते बघत राहिले."

"मागे कुणीतरी आहे, एवढं कळत होतं मला," ताइस्तो म्हणाला. "बरं वाटत होतं."

"देतेय ना मुलगी," ओइली पुढे आली. "घे की. आम्ही अकरा वर्षं हेच केलंय."

"ते नियमात बसतं की नाही, मी पाहिलेलं नाही."

"ताइस्तो, इर्मेलीची गाडी आहे रे."

"म्हणून तर," तो म्हणाला.

त्याने वेन्लाला गाडीकडे नेलं. दुसरा गिअर तळहाताने दाबून धरायचा, सोडला की उडतो, हे दाखवलं. तिने उशी सोडायला हात घातला, तर त्याने थांबवलं. "रेषेवर गाडीत जे होतं ते गाडीबरोबर जातं. एकदा एक जण बॅटरी काढून नेत होता, तेव्हा मीच त्याला परत बसवायला लावली होती." ती आत बसली. ठेंगणीच होती. उशीवर बसून तिला समोरचं सगळं दिसलं. ताइस्तोने ते पाहिलं आणि तो बाजूला झाला.

मी त्याच्याबरोबर त्याच्या गाडीतून घरी आले. रिकाम्या ट्रेलरचा आवाज भरलेल्या ट्रेलरपेक्षा कितीतरी मोठा असतो. वाटेत तो एवढंच म्हणाला, "कुत्रंसुद्धा हुंगत नाही, असं म्हणायचो मी. आणि ती हसायची."

मंगळवारी सकाळी तो माझ्या दारात, हातात ते पातळ पुस्तक. मी कॉफी ओतली. त्याने साखरेचा खडा दातांत धरला, बशीतून एक घोट घेतला, आणि पुस्तक टेबलावर पालथं ठेवलं.

"कुठेच नाही," तो म्हणाला.

"काय?"

"विकत घेतलेली गाडी परत देऊ नये, असं. पहिल्या पानापासून शेवटपर्यंत दोनदा वाचलं. हेलसिंकीला फोनही केला. ती बाई म्हणाली, घेतल्यावर गाडी घेणाऱ्याची, तो तिचं लोणचं घालेना का."

"म्हणजे रविवारी..."

"घेता आली असती."

बाहेर छपरावरून पाणी टपकत होतं. चाळीस वर्षं प्रत्येक पुस्तकातलं प्रत्येक कलम सांगणारा माणूस त्याच एका गोष्टीपुरता पुस्तक न उघडता उभा राहिला होता, आणि गाडी गेली होती.

"तिला विचार अजून," मी म्हटलं. "देईल ती."

"नको." खडा विरघळेपर्यंत तो थांबला. "तिला उशी बरोब्बर बसली." मग त्याने विचारलं, "पुढच्या रविवारी तिच्या गाडीला चिठ्ठ्या कोण टाकणार?"

"तिघी टाकतील. ओइली म्हणालीच होती, पोरीला सांभाळायला हवं."

"तिघी पुरणार नाहीत. गाडी चांगली आहे हे आता सगळ्यांना कळलंय. पाच-सहा तरी बाहेरच्या येतील." तो मनात मोजत होता. "माझा परवाना वर्षअखेरपर्यंत आहे. तपासायला शेजारचा क्लब तो माणूस देईल. बोल्ट पाहायला शिकलाय आता. पण चिठ्ठी टाकायची तर आपणही उतरायला हवं."

"तुझ्याकडे गाडी कुठे आहे?"

"तेच विचारायला आलोय." त्याने बशी पुढे केली, मी आणखी कॉफी ओतली. "कुणाच्या अंगणात एखादं भंगार पडलं असेल तर बघ. सांगाडा मी घालीन. फक्त कुरूप असू दे," तो म्हणाला. "इतकी, की खरंच कुणी हुंगू नये."