भोंगा बंद झाल्यावर

नोकरी असते तेव्हाही किस्से घडतात, पण ते सांगायला वेळ कुणाला असतो! आमचा टोमॅटो केचपचा कारखाना बंद पडला आणि आम्हाला वेळच वेळ मिळाला. नारायणगावला लागून असलेल्या वारूळवाडीच्या शिवारातला तो छोटासा कारखाना आता कुणाला आठवतही नसेल. आम्ही चौघं-पाचजण मात्र अजून भेटलो, की कुणीतरी सुरू करतंच, "तुला ते आठवतं का गं..." आणि चहा गार होतो.

मी तिथं लॅबमध्ये होते. बीएस्सी झालेली आणि कशालाही दचकणारी. जेवणाचा भोंगा रोज ठरलेल्या वेळी वाजायचा आणि मी रोज ठरलेल्या वेळी दचकायचे! बॉयलरवर जुन्नरचे इनामदार चाचा होते. भोंग्याची तार ओढायच्या आधी ते लॅबच्या खिडकीत येऊन सांगायचे, "बेटी, नळी खाली ठेव. ओढतो आता." मी काचेची नळी खाली ठेवायचे आणि तरीही दचकायचे.

*

कारखाना बंद होतोय हे सांगायला डुंबरे साहेबांनी सगळ्यांना शेडमध्ये बोलावलं. डुंबरे साहेब आमचे मॅनेजर. माणूस भलताच कडक. जरा उशीर झाला की अर्धा दिवस कापायचे! त्या दिवशी मात्र "मालकांनी असं ठरवलंय की..." इथंच त्यांचा आवाज अडकला. पुन्हा सुरुवात केली, पुन्हा तिथंच अडकले. मग चक्क रडायलाच लागले!

नोकऱ्या आमच्या गेलेल्या आणि आम्हीच साहेबांना पाणी आणून देतोय. टोमॅटो निवडणाऱ्या बायकांची पुढारी शेवंतामावशी पुढं झाली. पदरानं वारा घालत म्हणाली, "गप व्हा साहेब. आमचं आमी बघू. तुमाला घरी सोडायला कुणी हाय का?"

*

घरी सांगायची माझी छातीच होईना. नाना, म्हणजे माझे वडील, आमच्या गावात, अवसरीत, ज्याला त्याला सांगायचे, "आमची लता लॅबमधी असती." त्यात माझ्या लग्नाचं बघणं चालू. मुलगी नोकरीला आहे एवढ्या एका गोष्टीवर स्थळं येत होती. मग काय, दुसऱ्या दिवशी आईनं डबा भरला, मी तो घेतला आणि नेहमीच्या एसटीनं नारायणगावला आले. स्टँडवरच्या कोपऱ्यातल्या बाकावर बसले. समोरून कुणीही आलं, की पेपरात तोंड खुपसायचे.

शेजारच्या माणसानंही पेपरात तोंड खुपसलं होतं. जरा वेळानं त्याचा पेपर खाली आला. आमचा टेम्पो ड्रायव्हर गेनूभाऊ! मांडीवर डबा!

"म्याडम, कुठली गाडी बघताय?"

"तुम्ही कुठली बघताय?"

"जी लवकर येत न्हाई ती!"

दुपारपर्यंत रसवंतीच्या मागं उभे असलेले डुंबरे साहेबही सापडले. त्यांच्या ब्रीफकेसमध्ये फक्त डबा होता. शेवटी बाजाराला आलेल्या शेवंतामावशीनं आम्हा तिघांना पाहिलं आणि कपाळावर हात मारला. "हितं काय बसलाय? स्टँडवर सगळी दुनिया येती! माझ्या बांधावर चिंच हाय. तिथं काळं कुत्रं फिरकत न्हाई."

त्या दिवसापासून आमची ड्युटी चिंचेखाली सुरू झाली.

*

मावशीला स्वतःला घरी सांगायची भीती नव्हती. तिची अडचण वेगळीच होती. तिचे हात थांबत नव्हते. आठवडे बाजारात ती टोमॅटो घ्यायला म्हणून एका ढिगापुढं बसली आणि बोलता बोलता निवडायला लागली. चांगला इकडं, मऊ तिकडं, डागाळलेला मागं. बघता बघता अख्ख्या ढिगाचे तीन ढीग झाले! गिऱ्हाइकं येऊन फक्त चांगल्यातलेच उचलायला लागली.

भाजीवाला ओरडला, "ओ मावशी! हे बाजूला काढल्यालं आता कोण घेणार?"

मावशी मान वर न करता म्हणाली, "ते केचपला जातंय!"

म्हणाली आणि थबकली. मग गुपचूप तो बाजूला काढलेला सगळा ढीग तिनं स्वतःच पिशवीत भरला. पुढं कितीतरी दिवस आम्ही चिंचेखाली टोमॅटोची चटणी खात होतो.

*

भोंगा गेल्याचा त्रास आमच्यापेक्षा गावाला जास्त झाला. मजुरांची जेवणाची सुट्टी त्यावर, बायकांचा भाकरीचा तवा त्यावर. इनामदार चाचांना मालकांनी राखणीला ठेवलं होतं, चाव्या त्यांच्याकडं. गावातली मंडळी त्यांच्याकडं आली.

"चाचा, कारखाना असू द्या बंद. तेवढा भोंगा वाजवत जा राव."

चाचांनी समजावलं, "अहो, भोंग्याला वाफ लागती. वाफेला बॉयलर पेटवावा लागतो. आणि बॉयलर पेटवायचा तर कारखाना चालू करायला नको का?"

मंडळींनी एकमेकांकडं पाहिलं.

"मग करा की!"

*

डुंबरे साहेबांनी मध्यंतरी पाण्याचे फिल्टर विकायला घेतले. तेव्हा चेन मार्केटिंगची साथच आली होती. पहिलं गिऱ्हाईक कोण, तर शेवंतामावशी! तिनं सकाळी दहाची वेळ दिली. साहेबांची स्कूटर पंक्चर झाली, घामाघूम होऊन उशिरा पोचले. मावशी ओट्यावरच बसली होती. तिनं आधी सूर्याकडं बघितलं, मग साहेबांकडं.

"साहेब, आज तुमचा हाफ डे."

साहेब इतके हसले, की फिल्टर राहिला बाजूला. कारखाना बंद झाल्यापासून त्यांना हसताना आम्ही पहिल्यांदाच पाहिलं.

*

आणि मग माझं स्थळ आलं. मंचरचा मुलगा, भोसरीला कंपनीत. त्याच्या मामांनी नानांना निरोप धाडला: मुलगी बघितली, पसंत आहे, आता ती काम करते ती जागा तेवढी बघू. गुरुवारी दुपारी येतो. नाना आनंदानं 'या' म्हणाले!

मी चिंचेखाली रडत बसले. "मी आज रात्री नानांना सांगून टाकते." तीन रात्री मी हेच म्हणत होते. घरी गेले, की रिकामा डबा घासायचे आणि झोपून जायचे.

"कशाला सांगतीस?" गेनूभाऊ म्हणाला. "चाचाकडं चाव्या हायेत. एक दिवस करू की चालू!"

मी नको नको म्हणत राहिले आणि गुरुवार उजाडला.

चाचांनी सकाळपासून लाकडं घालून बॉयलर पेटवला. मावशी डोक्याला टोपी घालून टोमॅटो निवडायच्या रिकाम्या पट्ट्यापुढं उभी. डुंबरे साहेब पुन्हा इस्त्रीच्या शर्टात. मी लॅबमध्ये नळीत नुसतंच पाणी घेऊन उभी. नाना पाहुण्यांना घेऊन आत आले. मामा कौतुकानं सगळीकडं बघत होते. मुलगा दारातच उभा, हातात पिशवी. इथूनच परस्पर सेकंड शिफ्टला जाणार म्हणून डबा घेऊनच आला होता.

आणि मला न सांगता चाचांनी तार ओढली.

मी अशी दचकले, की नळी फुटली! पण खरी गंमत बाहेर झाली. भोंगा ऐकून अख्खी वारूळवाडी फाटकाशी धावली. निवडणाऱ्या बायका हात पुसत आल्या. एकजण तर टोमॅटोचे क्रेट भरलेला टेम्पो घेऊनच आला. "चालू झाला! चालू झाला!" बायका एकमेकींना मिठ्या मारत होत्या. पट्ट्यापुढची मावशी टोपी काढून खाली बघत राहिली.

मला ते चेहरे बघवेनात. मी पळत बाहेर गेले आणि किंचाळले, "नाही! चालू नाही! बंदच आहे!" एकदा तोंड उघडल्यावर ते मिटेना. "नाना, आपला कारखाना कधीच बंद झालाय! माझी नोकरी गेली! मी रोज डबा घेऊन येते आणि शेवंतामावशीच्या चिंचेखाली खाते!"

बॉयलरची वाफ तेवढी फुसफुसत होती.

नानांनी टोपी काढली, झटकली, पुन्हा घातली. "एवढ्या उन्हातान्हाची?" एवढंच म्हणाले आणि माझ्या पाठीवर हात ठेवला.

मामा मात्र भडकले. "चला! ह्ये असलं असतंय व्हय!" म्हणत तरातरा जीपकडं निघाले. मुलगा त्यांच्या मागं दोन पावलं गेला आणि थांबला. मामांची पाठ आहे बघून माझ्याजवळ आला. डब्याची पिशवी त्यानं छातीशी धरली होती.

"ती चिंच..." तो हळूच म्हणाला, "तिथं मंचरचं कुणी येत नाही ना?"