मुंग्यांची एकादशी

माझं भांडण देवाशी नव्हतं, ह्यांच्या उपासाशी होतं. माझ्या यजमानांना मधुमेह होऊन बरीच वर्षं झाली होती. मूत्रपिंडं थकत चालली आहेत, हे डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं आणि उपास करायचा नाही, हेही तितक्याच स्पष्टपणे सांगितलं होतं. पण एकादशी आली की सगळं पालथ्या घड्यावर पाणी. देहूला दर्शन होईपर्यंत तोंडात काही घालायचं नाही, हा त्यांचा लहानपणापासूनचा नेम. मी शाळेत विज्ञान शिकवते. घरात मात्र माझं विज्ञान कुणी विचारत नव्हतं. रोज संध्याकाळी दिव्यापुढे मी एकच मागायची, ह्यांना एवढी सुबुद्धी दे. मागून मागून मला शंका येऊ लागली होती, की पलीकडे कुणी ऐकतं तरी आहे का.

चाकणच्या कंपनीतून निवृत्त झाल्यावर डॉक्टरांनी त्यांना चालायला सांगितलं, तर ह्यांनी सायकल घेतली. खडीवर, मातीवर चालणारी, जाड टायरची. आमच्या तळवड्याच्या घरातून निघायचं, चाकणचा भुईकोट किल्ला गाठायचा, तिथून कच्च्या रस्त्यांनी सुदुंबरं, मग इंदोरीची गढी, आणि शेवटी देहू, असा मार्ग त्यांनी स्वतः शोधून काढला होता. त्यांना एकटं सोडायची माझी छाती होत नव्हती, म्हणून पन्नाशी उलटल्यावर मीही सायकल शिकले. मैत्रिणी हसल्या. हसू देत. कंपन्यांच्या भिंती आणि कंटेनरच्या रांगा मागे पडल्या की एकदम ज्वारीची शेतं लागायची, आणि इतकी वर्षं नोकरीत अडकलेला हा माणूस पुढे शीळ घालत चाललेला दिसायचा. त्या शिळेसाठी मी कितीही खडी तुडवली असती.

त्या एकादशीला आम्ही दोघांनी मिळून चूक केली. ‘आज खायचं नाही, म्हणून इन्शुलिन अर्धंच घेतलंय’ असं हे म्हणाले, आणि मला ते पटलं. शिवाय माझ्या पिशवीत एरवी नेहमी असणारा बिस्किटांचा पुडा मी सकाळी बाहेर काढून ठेवला. उपासाच्या दिवशी बरोबर बिस्किटं नकोत, ही सासूबाईंची शिकवण; त्या गेल्या तरी माझ्या हातातून ती गेली नव्हती. त्याऐवजी मी भाजलेले शेंगदाणे घेतले. साखर तर आमच्या घरात नसायचीच.

सुदुंबरं सोडल्यावर शीळ थांबली. हे उगाच माझ्यावर खेकसले, मग सायकल वेडीवाकडी जायला लागली आणि बांधाला लागून ते खाली बसले. अंग घामानं निथळत होतं. रक्तातली साखर उतरली आहे, हे मला कळलं. मी शेंगदाणे तोंडाशी धरले, पण चावायचं भानच त्यांना नव्हतं. अँब्युलन्सला फोन लावला, तर पलीकडचा मुलगा विचारत राहिला, ‘मॅडम, रस्ता कुठला?’ त्या रस्त्याला नावच नव्हतं. ह्यांची मान माझ्या खांद्यावर कलंडली आणि मी मोठ्यानं ओरडले. विठोबाला ओरडले. ‘तुझ्यासाठी उपाशी आहे हा, तुला लाज कशी वाटत नाही?’ असंच म्हणाले मी. दुसरं काही सुचलं नाही.

बांधापलीकडे एक वड होता, त्याच्या मागून एक म्हातारा आला. डोक्याला पटका, हातात स्टीलचा डबा.

“काय झालं बाई? मालक पडलं व्हय?”

“साखर! काहीतरी गोड आहे का हो?”

त्यानं डबा उघडून पुढे केला. आत मूठभर साखर होती. मी चिमटीनं घेऊन ह्यांच्या गालात भरत राहिले, आतून हिरड्यांना चोळत राहिले. म्हाताऱ्यानं पाठीमागून त्यांना आपल्या छातीशी धरून ठेवलं. बराच वेळ काहीच झालं नाही. मग जीभ हलली. मग त्यांनी डोळे उघडले. मी तिथेच मातीत बसून रडले.

शेतात कुणी साखरेचा डबा घेऊन का येईल, हे मला नंतर सुचलं. म्हाताऱ्यानं वडाच्या मुळाशी असलेलं वारूळ दाखवलं. “धाकटं पोरगं कंपनीत गेलं आमचं, मशिनीत घावलं. तवापास्नं म्हातारी दर एकादशीला मुंग्यांना साखर घालती. आता तिला उठवत न्हाई, म्हून मी येतो.” मग डब्याच्या तळाकडे पाहून म्हणाला, “असू द्या. आज मुंग्यांचीबी एकादशी.” तो हसला नाही. त्यानं पुतण्याला फोन करून टेम्पो मागवला, सायकली वर चढवल्या आणि मी पाया पडायला वाकले तर मागे सरकला.

इथे गोष्ट संपली असती तर बरं झालं असतं. टेम्पोत पुरते शुद्धीवर आल्यावर ह्यांनी पहिलं वाक्य उच्चारलं ते असं, “तोंडात काय घातलंस?” साखर कळल्यावर चेहरा पडला. देहू आलं, कळस दिसला. पण मोडलेल्या उपासाच्या तोंडानं देवळात जाणार नाही, म्हणून ते उतरले नाहीत. घरी आल्यावर रात्रीपर्यंत माझ्याशी बोलले नाहीत. मला इतका राग आला होता, की त्या दिवशी मी दिवाच लावला नाही. मरता मरता वाचलेल्या माणसाला जीव कमी आणि नेम जास्त वाटतो, तर अशा भक्तीला काय करायचं? आणि ज्या देवानं साखर पाठवली, त्यानंच हा हट्ट का दिला?

पुढे सायकल बंदच झाली. पावसाळा सरता सरता मूत्रपिंडं निकामी झाली, डायलिसिस सुरू झालं, आणि एकदा दवाखान्यात गेले ते घरी आलेच नाहीत. त्या खाटेशी बसून मी मागणं सोडून दिलं. रागानं नाही, दमले होते. ह्यांना सुबुद्धी दे, बरं कर, घरी आण, सगळं संपलं. उरलं ते एवढंच, तुझ्या हातात आहे, तू बघ. तेव्हा मला पहिल्यांदा नीट झोप लागली.

त्यांच्या शेवटच्या एकादशीला सकाळी मी तांदळाची पेज घेऊन बसले. तोंडात अन्न जात नव्हतं आणि त्या दिवशी तर ते घेणारच नाहीत, हे मला माहीत होतं. मी सरळ खोटं बोलले. “आज दशमी आहे. एकादशी उद्या.” त्यांची नजर समोरच्या भिंतीवर गेली. तिथे कॅलेंडर होतं, आणि त्यांना चष्म्याशिवायही तिथी वाचता यायची. त्यांनी ते पाहिलं. मग माझ्याकडे पाहिलं, बराच वेळ. मग त्यांनी तोंड उघडलं.

शरण जायचं ते देवाला, असं मी जन्मभर समजत होते. माझ्या नवऱ्यानं आयुष्यभराचा नेम माझ्या हातावर ठेवला, तेव्हा शरण जाणं म्हणजे काय ते मी पाहिलं, आणि पाया कुणाच्या पडावं ते मला कळेना. चमचा चमचा करून मी भरवत होते. मध्येच ते थांबून म्हणाले, “छान झालीय.” बिनमिठाची होती ती. देवानं तुला काय दिलं, असं आता कुणी विचारलं तर मला त्या सकाळची वाटी आठवते. पूर्ण संपली होती.