जावेपेक्षा उंच गाडी

"ध्यानात हाय माझ्या." काकींचं हे वाक्य मी दोन प्रकारे ऐकलं आहे. शिकवताना मी म्हणायचो, काकी, क्लच एकदम सोडू नका, तर त्या म्हणायच्या, ध्यानात हाय. आणि कधीकाळी कुणा लग्नात त्यांना जेवायचं विचारायला जो विसरला, त्याचं नाव निघालं तरी हेच. क्लचचं त्या दुसऱ्या दिवशी विसरायच्या. लग्नातलं कधीच विसरल्या नाहीत.

आता काकी नाहीत. तासगावात माझी गाडी शिकवण्याची शाळा आहे. कुणी नोकरीसाठी शिकतं, कुणी हौसेनं, कुणी सासऱ्यानं गाडी दिली म्हणून. निव्वळ सूड उगवण्यासाठी शिकायला आलेली बाई मी एकच पाहिली. तुमच्याही गल्लीत अशी एखादी असेल, फक्त तिच्या हातात अजून चाक आलं नसेल.

काकींचे यजमान फौजेत होते. निवृत्त होऊन आले आणि थोड्याच वर्षांत आजारानं गेले. द्राक्षबाग काकींनीच सांभाळली, बेदाण्याचं शेड उभं केलं. घर एकच, मधे भिंत घालून पलीकडे दीर आणि जाऊ. दिरानं नवी मोठी गाडी आणली त्या दिवशी दारात पूजा होती. काकीही नारळ घेऊन पुढं झाल्या. जावेच्या हातात आरतीचं ताट होतं. सगळ्या गल्लीसमोर ती म्हणाली, "जाऊबाई, तुमी जरा मागं व्हा. नवी गाडी हाय."

नव्या गाडीजवळ विधवा नको, हे ती तोंडानं म्हणाली नाही, पण ज्याला कळलं नाही असं तिथं कुणी नव्हतं. काकी नारळ घेऊन घरात गेल्या आणि त्याची चटणी करून खाल्ली. पुढच्याच आठवड्यात त्या माझ्याकडे आल्या. "मास्तर, मला गाडी शिकवा," म्हणाल्या. "माझी सोताची घ्यायची हाय, आन तिच्या दारावरनं न्यायची हाय."

पन्नाशी ओलांडलेली बाई, पण शिकण्याला धार होती. रस्त्यात म्हैस आडवी आली तर काकी हॉर्न वाजवत नसत. काच खाली करून तिला बोलत. राग आला की पाय जड पडायचा आणि इंजिन ओरडायचं. सरळ रस्त्यावर जाऊ आठवली की गाडी आपोआप पळायला लागायची, मग मला माझ्या बाजूचा ब्रेक दाबावा लागे. चाक हातात आलं की माणसाचा स्वभाव बाहेर पडतो, हे मी कितीकदा पाहिलंय. काकींचा तर आधीच बाहेर होता.

गाडी घ्यायची वेळ आली तेव्हा मी सगळ्यांना सांगतो तेच त्यांना सांगितलं. शिकाऊ माणसाची पहिली गाडी लहान असावी. जुनी असावी, म्हणजे ओरखडे आधीच पडलेले असतात आणि आपल्या नव्या ओरखड्याचं दुःख होत नाही. सीटवर मागं टेकून बसल्यावर क्लच पूर्ण दाबता यावा, आणि समोरचं नीट दिसावं. काकींनी मान डोलावली. मला वाटलं, पटलं.

आम्ही सांगलीला जुन्या गाड्यांच्या अड्ड्यावर गेलो. तिथं काकींनी पिशवीतून सुतळी काढली, बागेत वेल बांधतात ती. तिला दोन गाठी होत्या. एक दिराच्या गाडीच्या उंचीची, दुसरी लांबीची. दीर-जाऊ पायी देवाला गेलेले बघून त्यांनी माप घेऊन ठेवलं होतं. आता त्या एकेका गाडीला सुतळी लावत चालल्या. लहान गाड्यांकडे बघेनात. शेवटी एका धिप्पाड गाडीपाशी थांबल्या. ही त्या गाठीपेक्षा वीतभर उंच भरली.

मी म्हटलं, बसून तरी बघा. काकी चढून बसल्या, म्हणजे सीटच्या कडेवर टेकल्या, कारण पाय पोचत नव्हता. अड्ड्याच्या आवारातच इंजिन पुन्हा पुन्हा बंद पडलं. एजंट हसला. काकींनी त्याच्याकडे असं पाहिलं की त्याच्या वतीनं मीच घाबरलो.

तिथून त्यांना हलवायचं तर नीतीचे धडे उपयोगाचे नव्हते. मी म्हणालो, "काकी, ही गाडी तुम्ही दारात नेलीत आणि जाऊबाई खिडकीतून बघत असताना तुम्हाला ती मागं घेता आली नाही, तर?"

काकींनी एकदा त्या धिप्पाड गाडीकडे वर मान करून पाहिलं. मग सुतळी गुंडाळून पिशवीत टाकली आणि एक लहान पांढरी गाडी घेतली, डावं दार चेपलेली. सूड घ्यायचा तर आपला पाय पोचेल अशा गाडीनं घ्यावा, हे त्यांना पटलं.

तिच्या पूजेला त्यांनी गल्लीतल्या साऱ्या विधवांना बोलावलं. बायका आधी भिंतीला धरून उभ्या राहिल्या. काकींनी एकेकीला हाताला धरून पुढं आणलं, कुंकवाची बोटं गाडीला लावायला लावली. एक म्हातारी तर बोट उचलेचना, नुसती रडत होती. मग चाकांखाली लिंबं चिरडत काकी जावेच्या खिडकीखालून गेल्या, आल्या, आणि पुन्हा गेल्या. पलीकडे पडदा हलला. काकी इतक्या खूश मी कधी पाहिल्या नव्हत्या.

पुढं काही वर्षांनी दीर गेला. भेटायला गेलो तर काकी दिरासाठी खरोखर रडत होत्या. डोळे पुसले आणि म्हणाल्या, "आता कळंल तिला." मला ते आवडलं नाही, आणि मी तसं म्हणालोही. त्यांनी मला चहा दिला नाही.

वर्षभरानं त्यांनीच जावेला माझ्याकडे आणलं. ती मोठी गाडी दारात धूळ खात होती, हिला तीच शिकवा म्हणाल्या. मी म्हटलं, शिकाऊ बाईला ती नको, तुमची लहान द्या. "माझ्या गाडीला तिनं हात लावायचा न्हाई," काकी म्हणाल्या. जावेनं गेटचे दोन्ही खांब खरवडले, आरसा मोडला, पण शिकली. काकी पायरीवर बसून रोज बघायच्या. मी विचारलं, एवढा राग आहे तर शिकवता कशाला? म्हणाल्या, "एकटीनं चार घरी जाऊ दे तिला. घरात बसून कसं कळंल?"

एकदा काकींच्या गाडीचा ब्रेक बघायला मी गेलो होतो. त्याच वेळी जाऊ म्हसवडहून आली, माहेराहून. भावानं ट्रॅक्टर घेतला होता, त्याच्या पूजेला हौसेनं गेली होती. ती स्वतःच्या दाराकडे न जाता सरळ काकींच्या पायरीशी आली.

"भावजय म्हनली, वन्सं, तुमी जरा मागं व्हा," एवढं बोलून ती पायरीवरच बसली. मग म्हणाली, "समद्यांसमोर, जाऊबाई. आन मला तवा तुमीच दिसला."

हे ऐकायला काकी किती थांबल्या होत्या, ते मला ठाऊक होतं. मी त्यांच्या तोंडाकडे बघत राहिलो. आता त्या मनसोक्त बोलतील असं वाटलं, आणि खरं सांगतो, मलाही ते ऐकायचंच होतं.

"भावजय घरीच हाय का आत्ता?" काकींनी विचारलं. जावेनं मान डोलावली. काकी आत जाऊन किल्ली घेऊन आल्या. एवढ्या लांब तुम्ही कधी गेला नाहीत, असं मी म्हणालो, ते त्यांनी ऐकलं नाही. जावेला आपल्या गाडीत शेजारी बसवलं, ते चेपलेलं दार ओढून लावलं आणि चाकामागं येऊन बसल्या.

"काय बोलायचं ते वाटंत ठरव," त्या म्हणाल्या. "गाडी मी चालवते."